घरच्या घरी बुद्धिबळ खेळणारा रोबो: निवडण्यापासून पहिल्या डावापर्यंत

बुद्धिबळ खेळणारं यंत्र घ्यायला गेलात की विक्रेता आधी त्याच्या अकलेचं कौतुक सांगतो. इतक्या पातळ्या आहेत, तितकं रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) आहे, ग्रँडमास्टरलाही हरवेल. हे खरंच असतं, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चाली शोधणारं सॉफ्टवेअर, जगातल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा बलवान आहे, मोफत मिळतं आणि साध्या फोनवर चालतं. यंत्राला खरं जड जातं ते पुढचं काम. ठरवलेला घोडा हलवायचा, वाटेतलं प्यादं पाडायचं नाही आणि घोडा नेमका त्या घराच्या मधोमध ठेवायचा. रोबोशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी 1988 मध्येच हे मांडलं होतं: पटावरच्या खेळात यंत्राला मोठ्या माणसाच्या तोडीला आणणं सोपं, पण बघणं आणि हातपाय हलवणं यात वर्षाच्या बाळाची बरोबरी करायला लावणं महाकठीण.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मी एकाच कसोटीवर लावल्या आहेत. मेंदू फुकट आहे. पैसे द्यायचे ते हाताचे आणि डोळ्याचे.

पायरी 1: घरात खेळणार कोण, ते आधी ठरवा

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. अशा बातम्या पाहून घरातलं पोर पट मागतं, आणि पालकांना वाटतं की स्क्रीनपेक्षा हे बरं. विचार बरोबर आहे. पण नवशिक्या सात-आठ वर्षांच्या मुलाला लागणारं यंत्र वेगळं, आयुष्यभर खेळलेल्या आजोबांना लागणारं वेगळं, आणि फोनवर रोज खेळणाऱ्या पण हातात सोंगटी धरावीशी वाटणाऱ्या तरुणाला लागणारं आणखी वेगळं.

मुलासाठी मजबुती आणि चूक झाली तर चाल परत घेण्याची सोय पाहा. आजोबांसाठी मोठी घरं, ठळक रंग आणि फोनला हात न लावता डाव सुरू होणं महत्त्वाचं. तरुणाला ऑनलाइन जोडणी लागते. एकच यंत्र तिघांनाही सारखं पुरत नाही. सर्वांत जास्त कोण खेळणार, त्याच्या बाजूनं निवडा.

पायरी 2: हात कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

बाजारात ढोबळमानानं तीन जाती आहेत. इथे घाई करू नका, कारण पुढच्या सगळ्या सोयी-गैरसोयी इथूनच निघतात.

पहिली जात म्हणजे पटाखालचा लोहचुंबक. पटाच्या पोटात एक छोटी गाडी आडवी-उभी सरकते, तिच्यावर चुंबक असतो, आणि सोंगटीच्या बुडात बसवलेला चुंबक किंवा लोखंडी चकती त्याच्या मागे ओढली जाते. वरून पाहणाऱ्याला सोंगटी आपण होऊन चालताना दिसते. कल्पना जुनी आहे. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी 1912 मध्ये राजा आणि हत्तीनं एकट्या राजावर मात करणारं यंत्र बांधलं. 1920 च्या दुसऱ्या आवृत्तीत सोंगट्या पटाखालच्या चुंबकानंच सरकत. मिल्टन ब्रॅडली या अमेरिकी कंपनीनं 1983 मध्ये याच तत्त्वावरचा पट घरगुती बाजारात आणला. आपल्याकडे मुंबईच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी स्क्वेअर ऑफ हा पट केला. सुरुवातीचा विचार दृष्टिहीन खेळाडूंसाठीच्या पटाचा होता. 2016 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आगाऊ पैसे उभे करणाऱ्या संकेतस्थळावर, लोकांनी पैसे लावले आणि तो जगभर गेला.

या जातीच्या पटावर घोड्याची चाल नीट बघा. घोडा उडी मारू शकत नाही, कारण चुंबक त्याला उचलत नाही, फक्त ओढतो. मग तो आपल्या घरातून अर्धं घर बाजूला सरकतो, दोन घरांमधल्या रेषेवर येतो, त्या रेषेवरून इतर सोंगट्यांच्या मधून वाट काढतो आणि शेवटी अर्धं घर आत वळून मधोमध थांबतो. ही गल्ली मोकळी राहायची तर सोंगटीच्या बुडाचा व्यास घराच्या निम्म्याहून कमी असावा लागतो. घर 5 सेंटिमीटरचं असेल तर बूड अडीच सेंटिमीटरच्या आत. स्पर्धेच्या सोंगट्यांचं बूड घराचा बराच मोठा भाग व्यापतं, म्हणून या पटावरच्या सोंगट्या घराच्या मानानं किरकोळ दिसतात. तो दोष समजू नका. आणि घरचा लाकडी संच यावर चालेल ही आशाही ठेवू नका.

मारामारीही अशीच पाहण्यासारखी असते. तुमचा उंट मारायचा असेल तर यंत्र आधी उंटाला ओढत पटाबाहेरच्या पट्टीवर नेऊन ठेवतं, मग परत येऊन स्वतःची सोंगटी त्या घरात आणतं. किल्लेकोटात राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला वळसा घालून पलीकडे येतो. मुलांना हे बघायला फार आवडतं, आणि मला वाटतं त्यात गैर काही नाही. यंत्र चाल पुरी करेपर्यंत मूल पटाकडे बघत बसतं. नवशिक्याच्या डोक्यात तेवढा वेळ पट राहणं हीच मोठी कमाई आहे.

दुसऱ्या जातीत सोंगटीच स्वतः रोबो असते. चेसनट मूव्हसारख्या संचात प्रत्येक सोंगटीच्या बुडाशी चाकं आणि बॅटरी असते. एका गाडीनं एकेक सोंगटी ओढत बसण्याची गरज नसल्यानं डाव मांडणं भरभर होतं. उलट बाजू अशी की चार्ज करायच्या, सांभाळायच्या आणि बिघडू शकणाऱ्या वस्तू एकाऐवजी बत्तीस होतात.

तिसरी जात म्हणजे खराखुरा यांत्रिक हात. टेबलावर उभा, वर कॅमेरा, पुढे चिमटा किंवा चुंबक. नोव्हाग कंपनीनं 1982 मध्येच हाताचा घरगुती बुद्धिबळ संगणक विकायला काढला होता. अलीकडे चीनच्या सेन्सटाइमनं ऑगस्ट 2022 मध्ये चिनी बुद्धिबळ म्हणजे शियांगची खेळणारा सेन्सरोबो आणला, आणि पुढच्या वर्षी गो या खेळासाठीही. सुरुवात शियांगचीपासून झाली हे हाताच्या दृष्टीनं सोयीचंच होतं. त्यातल्या सोंगट्या चपट्या आणि एकसारख्या उंचीच्या असतात, वरून धरल्या की झालं. आपल्या बुद्धिबळात राजा उंच, प्यादं बुटकं, घोड्याचं तोंड एकीकडे. प्रत्येकाला वेगळ्या उंचीवर, वेगळ्या जागी धरावं लागतं. हात घेत असाल तर तो गजबजलेल्या पटाच्या मधलं प्यादं उचलतानाचा व्हिडिओ मागा. कोपऱ्यातला मोकळा हत्ती कुणीही उचलून दाखवेल.

पायरी 3: यंत्राला तुमची चाल कशी कळते ते विचारा

काही पटांवर सोंगटी निघण्याच्या घरात दाबायची, मग पोचण्याच्या घरात दाबायची. पद्धत साधी, खात्रीची, पण थोडी शाळकरी.

काही पटांच्या प्रत्येक घराखाली रीड स्विच किंवा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की ओळखणारा छोटा भाग, असतो. त्याला घरात काहीतरी आहे किंवा नाही एवढंच कळतं. वजीर आहे की प्यादं, हे तो ओळखत नाही. तो फक्त सुरुवातीची मांडणी आणि नंतरच्या चाली लक्षात ठेवून हिशेब लावतो. त्यामुळे सुरुवातीला घोडा आणि उंट यांची अदलाबदल झाली तर यंत्र ते पकडणार नाही, आणि थोड्याच चालींत तुमच्या समोरचा डाव आणि त्याच्या डोक्यातला डाव वेगळे होतील. सोंगटी मारतानाही शिस्त पाळा: आपली उचला, समोरची उचलून बाजूला ठेवा, आपली ठेवा. एकाच हातात दोन्ही घेऊन झटक्यात अदलाबदल करायची आपली सवय इथे गोंधळ करते.

सर्वांत चांगले पट सोंगटी ओळखतात. प्रत्येकीच्या पोटात वेगळी कॉइल किंवा चिप असते. मोठ्या स्पर्धांतून डाव थेट दाखवायला डच कंपनी डीजीटीचे पट वापरतात, ते याच जातीचे. पण ते स्वतः चाल करत नाहीत. ओळखणं आणि हलवणं दोन्ही हवं असेल तर किंमत चढते.

कॅमेऱ्याच्या यंत्राला उजेड लागतो, तोही स्थिर. आपल्या घरांत ट्यूबलाइटच्या खाली पंखा फिरत असतो आणि पात्यांची सावली पटावर लपलपते. कॅमेऱ्याला ती प्रत्येक वेळी नवी हालचाल वाटू शकते. टेबल पंख्याखालून बाजूला घ्या.

पायरी 4: पैसे देण्याआधी

इंटरनेट बंद असताना डाव होतो का, हा पहिला प्रश्न. दुसरा, ॲप नसलं तर पट चालतो का. कंपनी बंद पडली, ॲप दुकानातून गेलं, की चांगला महागडा पट नुसतं लाकूड होतो. ज्याचे ब्लूटूथचे संकेत खुले आहेत किंवा ज्याच्यासाठी स्वयंसेवकांनी वेगळं सॉफ्टवेअर लिहिलेलं आहे, तो पट कंपनीनंतरही जगतो. जुना पट कुणाकडून घेत असाल तर ॲप तुमच्याच फोनवर, तुमच्यासमोर सुरू करून एक अख्खा डाव खेळून बघा.

किकस्टार्टरवर लावलेले पैसे म्हणजे खरेदी नव्हे. वस्तू अजून बनायची असते, उशीर होतो, कधी येतच नाही. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत ठरवा, आणि दुरुस्तीसाठी पट परत पाठवायचा झाला तर भाडं कोण देणार ते लेखी घ्या. अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टचा आहे का तेही पाहा. फक्त 110 व्होल्टचा अडॅप्टर आपल्या 230 व्होल्टला लावला तर तो जळेल.

मोबदल्यात हमीचा काळ लांब मिळत असेल तर चार पातळ्या कमी असलेलं यंत्र खुशाल घ्या.

पायरी 5: सुरक्षितता, पहिल्या डावाच्या आधी

जुलै 2022 मध्ये मॉस्को ओपन स्पर्धेच्या वेळी बुद्धिबळ खेळणाऱ्या एका रोबोच्या हातानं सात वर्षांच्या मुलाचं बोट पकडलं आणि ते मोडलं. रोबोची चाल पुरी व्हायच्या आतच मुलानं उत्तरादाखल हात पुढे केला होता, असं आयोजकांनी सांगितलं. मला यात मुलाचा दोष दिसत नाही. चाल सुचली की मूल हात पुढे करणारच. पटावर मुलाचं बोट येईल हे गृहीत धरूनच यंत्र बनलेलं हवं.

घरगुती हात हलका असावा, कमी जोराचा असावा आणि काही आडवं आलं की जागीच थांबणारा असावा. हे कागदावर वाचून सोडू नका. वर्तमानपत्राची सुरळी करा, हात चालू असताना त्याच्या वाटेत धरा. हात थांबला पाहिजे. सुरळी चेपून पुढे गेला तर यंत्र परत करा. मुलांसाठी नियम एकच ठेवा: रोबोची चाल संपून खूण येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर. हा नियम मोठ्यांनीही पाळायचा, नाहीतर मुलं पाळत नाहीत.

चुंबकाच्या पटात बोट अडकण्याची भीती नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. सोंगटीच्या बुडातला चुंबक निघाला असेल तर ती सोंगटी लगेच बाजूला काढा. लहान मुलानं दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. गिळल्याचा संशय जरी आला तरी थेट रुग्णालयात न्या. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबक छातीपासून किमान सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर दूर राहिला पाहिजे. पटावर वाकून बसायची सवय असलेल्या आजोबांसाठी हे अंतर आधी मोजून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांनाही विचारा.

पायरी 6: मांडणी

टेबल डगमगणारं नको. पट सपाट जागी ठेवा, एका बाजूला कललेला नको. पट पूर्ण चार्ज करा, ब्लूटूथ जोडा. वायफाय लागत असेल तर राउटरचा 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा चालू आहे ना ते बघा, कारण अशी बरीच यंत्रं फक्त त्यावरच जोडली जातात. मग सोंगट्या मांडा. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, वजीर आपल्या रंगाच्या घरात. प्रत्येक सोंगटी घराच्या मधोमध हवी. कडेला सरकलेल्या सोंगटीला खालचा चुंबक नीट धरू शकत नाही, आणि शेजारून जाणारी सोंगटी तिला ओढून घेऊ शकते.

एक कळकळीची सूचना: कॅरमची सवय म्हणून पटावर पावडर टाकू नका. ती फटींतून आत जाते आणि गाडी ओढणाऱ्या पट्ट्यांवर बसते.

पायरी 7: पातळी आणि पहिला डाव

सगळ्यात खालची पातळी लावा, असं सगळे सांगतात. तेवढ्यानं भागत नाही. स्टॉकफिशच्या अलीकडच्या आवृत्त्यांत रेटिंगच्या हिशेबानं खाली जायचं तर 1320 वर मर्यादा येते. तुलनेसाठी, मार्च 2024 पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीत 1400 खालचं रेटिंगच नसतं. म्हणजे ही ‘सोपी’ पातळी रेटिंगवाल्या खेळाडूच्या उंबरठ्यावरची आहे. काल चाली शिकलेल्या मुलाला ती चिरडून टाकेल. त्याऐवजी 0 ते 20 अशा कौशल्यपातळ्या असतात, त्यातली 0 निवडा आणि विचारासाठी वेळही अगदी थोडा द्या.

तरी एक खोट राहते. कमकुवत केलेलं इंजिन दहा चाली उस्तादासारखं खेळतं आणि मधेच विनाकारण वजीर देऊन टाकतं. माणूस असा चुकत नाही, त्यामुळे मूल चुकीची गोष्ट शिकतं. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे माया हे इंजिन. टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी ते 2020 मध्ये माणसांच्या डावांवरून शिकवलं. सर्वोत्तम चाल शोधण्याऐवजी ते 1100 ते 1900 रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल ते ओळखून तशी चाल करतं, माणसासारखं चुकतंही. ते लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मोफत खेळायला मिळतं. तुमचा पट लिचेसला जोडला जात असेल तर जरूर लावा.

पहिल्या डावात घड्याळ लावू नका. पटावरचे दिवे पुढच्या शक्य चाली दाखवत असतील तर पहिल्या काही दिवसांनंतर ते बंद करा, नाहीतर मूल दिव्यांकडे बघून खेळतं. ‘हात लावला की तीच खेळायची’ हा नियम यंत्र पाळून घेत नाही. तो तुम्हीच शेजारी बसून पाळून घ्या. पुढे हेच मूल सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या एखाद्या जुन्या मंडळाच्या स्पर्धेत बसेल तेव्हा समोरचा खेळाडू ती सवलत देणार नाही.

पायरी 8: दूरच्या माणसाशी डाव

नातवंडं परदेशात असलेल्या घरांसाठी या पटाचा हा सगळ्यात मोलाचा उपयोग. दोन्हीकडे असा पट असला की न्यू जर्सीतल्या नातवानं सरकवलेलं प्यादं पुण्यातल्या पटावर सरकतं. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून चालीला एक किंवा जास्त दिवस देणारा पत्रबुद्धिबळाचा प्रकार निवडा. रविवारी दोघं एका वेळी बसणार असाल तर रॅपिड, म्हणजे मध्यम वेळेचा डाव. बुलेटच्या, म्हणजे मिनिटभराच्या डावांच्या, नादी लागू नका. लिचेस अशा पटांना बुलेट खेळू देत नाही, आणि ते योग्यच आहे. एक मिनिटाच्या डावात सोंगट्या ओढतानाच वेळ संपेल.

स्वतः बनवायचा असेल तर

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प मनापासून सुचवावासा वाटतो. दोन नेमा 17 स्टेपर मोटरी, जीटी-2 पट्टा, 20 दात्यांच्या कप्प्या, एक विद्युतचुंबक, 64 रीड स्विच, एक आर्डुइनो, आणि स्टॉकफिश चालवायला रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यातलं बरंच मिळतं. हिशेब सरळ आहे. मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, 20 दात्यांच्या कप्पीवर 2 मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पट्टा एका फेऱ्यात 40 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका पावलाला 0.2 मिलिमीटर, आणि 5 सेंटिमीटरच्या घराला 250 पावलं. चुकांना भरपूर जागा आहे.

अडचण येते ती चुंबकाची. पटाचा वरचा थर जाड असला तर पकड सुटते. पकड वाढवायला विद्युतप्रवाह वाढवला तर चुंबक तापतो. साधा कायमचा चुंबक छोट्या सर्वो मोटरवर बसवून वर-खाली करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. 3 मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट वापरा, आणि आधी एकाच घोड्याला अख्ख्या पटावर फिरवून बघा. बत्तीस सोंगट्या नंतर.

देखभाल

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, लाकडी पट फुगतो आणि खालचा चुंबक मधल्या घरांवर कमी पडू लागतो. सिलिका जेलच्या पुड्या पटाच्या पेटीत ठेवा, पट भिंतीला टेकवून ठेवू नका. सोंगटीच्या बुडाची फेल्ट (मऊ लोकरी कापडाची चकती) झिजली की सोंगटी घासत, थरथरत चालते. फेल्ट वेळीच बदला. बराच काळ खेळणार नसाल तर बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा.

आणि सुट्या सोंगट्या खरेदीच्या वेळीच मागवा, कारण एक प्यादं हरवलं तरी बाजारातलं दुसरं चालत नाही, त्यात चुंबक नसतो. दोन जादा वजीरही घ्या. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की यंत्र थांबतं आणि माणसानं सोंगटी बदलण्याची वाट बघतं.